चिपेच्या भिंतीवरील लेप



गेल्या पावसाळ्यांत इयत्ता नववींतील एक विद्यार्थी शेवटचा तास संपल्यावर माझ्या टेबलाजवळ येऊन उभा राहिला. त्याच्या हातांत दोन लहान कार्डें होतीं. त्याच्या गांवीं सिकलसेल रोगाच्या तपासणीचें शिबिर भरलें होतें. घरांतील सर्वांचें रक्त घेण्यांत आलें, व कांहीं दिवसांनीं हीं कार्डें मिळालीं. त्याच्या स्वतःच्या कार्डावर 'ए-एस' अशीं अक्षरें होतीं, व पांचवींत शिकणाऱ्या त्याच्या बहिणीच्या कार्डावर 'एस-एस'. त्यानें मला दोन प्रश्न विचारले. "सर, रक्तांतलीं अक्षरें वाचतात तरी कशीं? आणि वाचणाऱ्याची चूक होत नसेल ना?"

पहिल्या प्रश्नाचें उत्तर मीं तेथल्या तेथें खडू घेऊन फळ्यावर दिलें. दुसऱ्यास मात्र मला पुरते दोन महिने लागले. त्या दोन महिन्यांत जें कळलें त्यांतील बराचसा भाग रक्ताविषयीं नसून भिंतीविषयीं आहे, हें ऐकून तुम्हांस नवल वाटेल. प्रथिनें एकमेकांपासून वेगळीं करण्याचें काम ज्या सूक्ष्म नळींत चालतें, त्या नळीच्या भिंतीचा स्वभाव बिघडला तर उत्तम यंत्रहि खोटें बोलूं लागतें. ती भिंत ताब्यांत कशी ठेवितात, हा ह्या लेखाचा विषय होय.

प्रथम अक्षरांची गोष्ट सांगतों. रक्तास तांबडा रंग देणारें हिमोग्लोबिन हें प्रथिन चार साखळ्यांचें असतें. दोन साखळ्यांत प्रत्येकीं १४१ व उरलेल्या दोहोंत प्रत्येकीं १४६, मिळून ५७४ अमिनो आम्लें त्यांत गुंफलेलीं असतात. सर्वसाधारण हिमोग्लोबिनास 'ए' म्हणतात. 'एस' ह्या जातींत १४६ च्या साखळींतील सहाव्या जागीं ग्लुटामिक आम्लाऐवजीं व्हॅलिन असतें. बाकी सर्व तंतोतंत सारखें. परंतु ग्लुटामिक आम्लावर ऋण विद्युद्भार असतो व व्हॅलिनवर कोणताच नसतो, म्हणून 'एस' च्या प्रत्येक रेणूवर दोन ऋणभार कमी पडतात. एवढ्याशा फरकानें काय होतें पाहा: प्राणवायु सोडून दिल्यावर हे रेणू एकमेकांस चिकटून दोरखंडासारखे होतात, तांबडी पेशी विळ्यासारखी वांकते, आणि बारीक रक्तवाहिन्या तुंबून असह्य वेदना होतात.

येथें पालकांसाठीं दोन शब्द मुद्दाम लिहितों. 'ए-एस' हें अक्षर रोगाचें नव्हे. तें वाहकाचें आहे, व असा मनुष्य बहुधा निरोगी आयुष्य जगतो. आईबाप दोघेहि 'ए-एस' असल्यास मात्र प्रत्येक अपत्य 'एस-एस' होण्याचा संभव चारांत एक इतका असतो. विदर्भांतील कित्येक जिल्हे व नंदुरबारकडील आदिवासी वस्ती ह्यांत हा दोष बराच आढळतो, आणि २०२३ सालापासून त्याच्या निर्मूलनासाठीं देशव्यापी मोहीम सुरू झालेली आहे. तेव्हां कार्ड पेटींत टाकून न ठेवितां तें डॉक्टरांस दाखवावें.

दोन ऋणभारांचा फरक डोळ्यांस दिसत नाहीं. पण विजेस तो कळतो. प्रथिनांचें द्रावण नळींत घालून दोन टोकांस विद्युत्प्रवाह जोडला, तर ज्याच्यावर ऋणभार अधिक तें प्रथिन धनाग्राकडे अधिक वेगानें धांवतें. स्वीडनमधील उप्साला येथें आर्ने टिसेलियस ह्यांनीं १९३७ सालीं ह्या युक्तीनें रक्तद्रवांतील अल्ब्युमिन व तीन प्रकारचीं ग्लोब्युलिनें वेगळीं करून दाखविलीं, आणि १९४८ सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. त्यांचें यंत्र सुमारें २० फूट लांब होतें! पुढें १९४९ सालीं लायनस पॉलिंग व त्यांचे सहकारी ह्यांनीं अमेरिकेंतील पॅसाडीना येथें टिसेलियसच्या पद्धतीनेंच 'ए' व 'एस' हीं हिमोग्लोबिनें निरनिराळ्या वेगानें जातात हें सिद्ध केलें. रोग्याच्या रक्तांतील प्रथिनाचा रेणूच वेगळा आहे, ही गोष्ट तेव्हां प्रथमच स्पष्ट झाली. ह्या रीतीस इलेक्ट्रोफोरेसिस असें नांव आहे.

आतां वीस फुटांचें यंत्र गांवोगांवीं नेतां येत नाहीं. शिवाय जाड नळींत दुसरी एक अडचण असते: विजेनें द्रावण तापतें, तापलेला भाग वर चढतो, व वेगळीं होऊं लागलेलीं प्रथिनें पुन्हां ढवळलीं जातात. नळी बारीक केली म्हणजे उष्णता भिंतींतून चटकन् निघून जाते. जेम्स जॉर्गेन्सन व क्रिन ल्युकॅक्स ह्यांनीं १९८१ सालीं केवळ ७५ मायक्रोमीटर पोकळीची कांचेची नळी घेऊन हें करून दाखविलें. एक मायक्रोमीटर म्हणजे मिलिमीटराचा हजारावा भाग. तेव्हां ती पोकळी तुमच्या डोक्यावरील केंसाएवढी झाली. त्यानंतर नळीहि गेली. स्वित्झर्लंडमधील आंद्रेआस मांझ व कॅनडांतील जेड हॅरिसन ह्यांनीं आपल्या सहकाऱ्यांसह कांचेच्या तुकड्यावरच आम्लानें बारीक खोबणी कोरल्या, वर दुसरी कांच बसविली, व १९९३ सालीं अशा चिपेवर अमिनो आम्लें सुमारें १५ सेकंदांत वेगळीं केल्याचें प्रसिद्ध केलें. थेंबाच्याहि अंशमात्र द्रावणावर आणि काडेपेटी एवढ्या जागेंत प्रयोगशाळेचें काम होईल, ही आशा तेथून बळावली.

परंतु जागा लहान केली म्हणजे एक गोष्ट मोठी होते, व ती म्हणजे भिंत.

कांच ही मूळची वाळू, म्हणजे सिलिका. पाण्याचा स्पर्श होतांच तिच्या पृष्ठभागावरील कांहीं हायड्रोजन सुटून पाण्यांत जातात व भिंतीवर ऋणभार उरतो. त्या ऋणभाराच्या ओढीनें द्रावणांतील धनभारित कण भिंतीलगत गर्दी करितात. ही गर्दी थोड्या नॅनोमीटरांच्या थरांत मावते, आणि नॅनोमीटर म्हणजे मायक्रोमीटराचाहि हजारावा भाग. पण वीज जोडतांच ती गर्दी ऋणाग्राकडे निघते, आणि जातांना नळींतील सगळें पाणी आपल्याबरोबर ओढून नेते. विजेच्या योगानें पाणी असें वाहतें हें रॉइस नामक शास्त्रज्ञानें मॉस्को येथें ओल्या मातीवर प्रयोग करून १८०९ सालींच वर्णिलें होतें.

हा प्रवाह सर्वत्र सारखा असेल तर तो आपला शत्रु नव्हे. नदींत शर्यत लागली असतां प्रवाह सर्व पोहणाऱ्यांस सारखाच वाहून नेतो. कोण पुढें व कोण मागें हा क्रम त्यामुळें बदलत नाहीं. परंतु कांठाला एके जागीं भोंवरा, दुसरीकडे संथ पाणी, तिसरीकडे उलटी ओढ अशी स्थिति झाली, तर पंचांनीं काय निकाल द्यावा? सूक्ष्म खोबणींत नेमकें असेंच होतें, आणि तें घडवून आणणारीं प्रथिनेंच असतात.

प्रथिनाचा रेणु म्हणजे गुळगुळीत गोटी नव्हे. त्याच्या अंगावर कोठें धनभार, कोठें ऋणभार, कोठें तेलकट असे निरनिराळे ठिपके असतात. अंड्याच्या पांढऱ्या बलकांत लायसोझाइम नांवाचें एक प्रथिन असतें. तें आपल्या अश्रूंतहि आहे. अलेक्झांडर फ्लेमिंग ह्यांनीं १९२२ सालीं त्याचें वर्णन प्रसिद्ध केलें. ह्या लायसोझाइमवर जवळजवळ पीएच ११ पर्यंत, म्हणजे नेहमींच्या बहुतेक सर्व द्रावणांत, धनभारच अधिक राहतो. आणि कांचेवर ऋणभार. मग तें भिंतीस बिलगल्यावांचून कसें राहील? एक रेणु बिलगतो, तेथील भिंतीचा भार बदलतो, भार बदलल्यानें पाण्याचा वेग बदलतो. कांहीं रेणू थोड्या वेळानें सुटतात व मागाहून धांवत येतात. त्यामुळें जो पट्टा रेषेसारखा बारीक यावयाचा त्यास लांबच लांब शेंपूट फुटतें. कांहीं तर मुळींच सुटत नाहींत, व पुढच्या मनुष्याचा नमुना आला तरी तेथेंच बसून राहतात.

"पण सर, भिंतीस चिकटून चिकटून किती चिकटेल?" असें वर्गांत एकानें विचारलें. प्रश्न उत्तम होता. म्हणून आम्ही गणितच मांडलें. तुम्हीहि पाटी घ्या.

एक खोबण ५० मायक्रोमीटर रुंद, २० मायक्रोमीटर खोल व १ सेंटिमीटर लांब समजा. तींत मावणारें द्रावण भरतें मिलिलिटराचा एक लक्षांश भाग. चारी भिंतींचें क्षेत्रफळ होतें ०.०१४ चौरस सेंटिमीटर. म्हणजे अशा खोबणींत भरलेल्या दर मिलिलिटर द्रावणास १४०० चौरस सेंटिमीटर भिंत भेटते. आपल्या प्रयोगशाळेंतील १२ मिलिमीटर पोकळीच्या परीक्षानळींत तेवढ्याच द्रावणास भेटणारी भिंत सुमारें ३.३ चौरस सेंटिमीटर. आतां प्रथिनांचा एकेरी थर बसला तर दर चौरस सेंटिमीटरावर सामान्यतः ०.१ ते ०.२ मायक्रोग्रॅम प्रथिन बसतें. आपल्या द्रावणांत दर मिलिलिटरास १०० मायक्रोग्रॅम प्रथिन आहे असें धरूं. परीक्षानळीच्या भिंतीनें फार तर ०.६६ मायक्रोग्रॅम घेतलें, म्हणजे शेंकडा एकाहूनहि कमी. तें कोणाच्या ध्यानांतहि येणार नाहीं. खोबणीची भिंत मात्र २८० मायक्रोग्रॅम घेऊं शकते. भूक २८० ची, आणि ताटांत वाढलेलें १००!

रेणु भिंतीपर्यंत पोंचण्यास वेळ लागेल म्हणावें, तर तेंहि नाहीं. लायसोझाइमचा रेणु आपल्या स्वाभाविक भटकण्यानें खोबणीच्या मध्यापासून १० मायक्रोमीटरांवरील भिंतीशीं सुमारें अर्ध्या सेकंदांत जाऊन पोंचतो. जत्रेंतील रस्ता रुंद असला तर मुलें दुकानें न पाहतांहि पुढें जातील; पण गल्लीच इतकी अरुंद केली कीं प्रत्येक मुलाचा खांदा दुकानास घांसतो, तर कोण थांबल्याशिवाय राहील?

मग ह्यावर उपाय काय? वर्गांतून उत्तर तत्काळ आलें, "सर, भिंतीस तेल लावावें!" ह्या उत्तराचा उगम कोठें आहे तें मला ठाऊक आहे, तो आपणां सर्वांच्या स्वयंपाकघरांत आहे. आमच्या घरीं बिडाचा नवा तवा आणला तेव्हां पहिली अंड्याची पोळी त्यास अशी चिकटली कीं ती उलथन्यानें खरवडून काढावी लागली. मग माझ्या आईनें अर्धा कांदा तेलांत बुडवून तवा चांगला घांसला, चार दिवस तेल पाजलें, आणि पांचव्या दिवशीं पोळी आपोआप सुटली. तव्यावर जें खरें ठरलें तें कांचेच्या खोबणींतहि खरें ठरावें, असें वाटणें साहजिक आहे. अळवाच्या पानावर पाणीसुद्धां ठरत नाहीं, तेथें प्रथिन काय ठरणार, अशी पुस्तीहि एका मुलीनें जोडली.

दोघांचेंहि म्हणणें चुकीचें आहे, हें मीं नुसतें सांगितलें असतें तर त्यांनीं तें वहींत उतरून घेतलें असतें व विसरून टाकलें असतें. म्हणून आम्हीं एक प्रयोग केला. तो तुम्ही घरींहि करूं शकतां.

प्लास्टिकच्या नव्या पारदर्शक डब्याच्या झांकणाची वीतभर पट्टी कापून घेतली व साबणानें स्वच्छ धुतली. प्लास्टिकचा पृष्ठभाग तेलासारखाच पाण्याशीं फटकून वागणारा. पेलाभर पाण्यांत चमचाभर पांढरा बलक ढवळून त्यांत पट्टीचा खालचा अर्धा भाग दहा मिनिटें बुडविला, नंतर नळाखालीं तो भरपूर धुतला. मग सगळीच पट्टी स्वच्छ पाण्यांत बुडवून वर काढिली. पहिल्या खेपेस आमची फजिती झाली: वरचा काय आणि खालचा काय, दोन्ही भाग सारखेच ओले राहिले. साबण नीट निघाला नव्हता, आणि साबणाचा लवलेश राहिला तरी पाणी पसरतें. दुसऱ्या दिवशीं नवी पट्टी घेऊन ती आधींच वीस वेळां खळबळली. आतां वरच्या भागावरील पाणी आखडून त्याचे थेंब झाले व घरंगळून गेले. खालच्या भागावर मात्र पाण्याचा सलग पडदा तसाच राहिला. डोळ्यांस तेथें कांहींहि दिसत नव्हतें. नळाच्या धारेनेंहि न गेलेला प्रथिनांचा थर तेथें बसला होता, व त्यावर पाणी पसरत होतें.

एका मुलानें तोच प्रयोग कांचेच्या पट्टीवर करून पाहिला व "कांचेस कांहींच चिकटत नाहीं" असा निष्कर्ष काढला. तो घाईचा होता. स्वच्छ कांचेवर पाणी मुळांतच पसरतें. तेव्हां प्रथिन बसो वा न बसो, ह्या कसोटीस फरक कळत नाहीं. असो.

तेलकट पृष्ठभागास प्रथिन चिकटण्याचें कारण प्रथिनाच्या घडणींत आहे. पाण्यांत असतांना प्रथिन आपला तेलकट भाग पोटाशीं दुमडून घेतें व पाण्याशीं स्नेह करणारा भाग बाहेर ठेवितें. समोर तेलकट भिंत आली कीं ही घडी सैल होते, आंतला भाग बाहेर येऊन भिंतीस लागतो, आणि दोहोंमध्यें कोंडलेलें पाणी सुटून मोकळें होतें. एकदां अशी घडी उलगडली म्हणजे तें प्रथिन सहसा परत फिरत नाहीं. तव्याची गोष्ट निराळी. तेथें पोळी व लोखंड ह्यांच्यामध्यें पातळ तेलाचा थर सरकत असतो. चिपेंत सर्व बाजूंनीं पाणी आहे. म्हणून तेथें भिंतीस तेल पाजावयाचें नाहीं, पाणीच पाजावयाचें!

ही गोष्ट ज्यांनीं फार लौकर ओळखली ते स्टेलान हेर्टेन हे टिसेलियस ह्यांचेच शिष्य. १९६७ सालीं त्यांनीं आपल्या प्रबंधांत कांहीं मिलिमीटर पोकळीच्या स्फटिकनळीचें यंत्र वर्णिलें. द्रावणांत तापून वरखालीं प्रवाह होऊं नयेत म्हणून ती नळी आडवी ठेवून स्वतःभोंवतीं सावकाश फिरविली जात असे, आणि तिच्या आंतील भिंतीस मेथिल सेल्युलोजचा लेप दिलेला असे. कापूस व लांकूड ह्यांतील सेल्युलोजपासून हा चिकट पदार्थ करितात. डोळे कोरडे पडणाऱ्या लोकांस जे थेंब देतात त्यांतहि त्याच्याच कुळांतील एक पदार्थ असतो. लेपाचे लांब रेणू भिंतीलगतच्या त्या थोड्या नॅनोमीटरांच्या थरांत पसरले कीं तेथील पाणी घट्ट होतें, धनभारित कणांची गर्दी हलूं शकत नाहीं, आणि सगळा प्रवाहच थांबतो. भिंतीचे ऋणभारहि लेपाखालीं झांकले जातात. एका लेपानें दोन कामें झालीं.

परंतु नुसता चोपडलेला लेप पाण्याबरोबर हळूहळू सुटतो. १९८५ सालीं हेर्टेन ह्यांनीं तो भिंतीशीं कायमचा बांधून टाकण्याची रीत दिली. त्यांनीं असा एक रेणु घेतला कीं ज्यास जणूं दोन हात आहेत. एका हातानें तो कांचेच्या सिलिकाशीं पक्का जोडला जातो. दुसऱ्या हातानें अॅक्रिलमाइडच्या रेणूस धरतो, तो पुढच्यास, तो त्याच्याहि पुढच्यास, अशी साखळी वाढत जाते. भिंतीवर जणूं पॉलिअॅक्रिलमाइडचीं झुलपें उगवतात. ह्या साखळ्यांवर भार नसतो व त्यांस पाणी फार प्रिय असतें. हा लेप आजहि वापरतात. अल्कली द्रावणांत मात्र कांचेशीं धरलेला पहिला हात सुटूं लागतो. म्हणून १९९० सालीं इंडियाना विद्यापीठांतील संशोधकांनीं प्राणवायूच्या सांध्याऐवजीं सिलिकन व कार्बन ह्यांचा थेट सांधा जोडून तो अधिक टिकाऊ केला. (अॅक्रिलमाइड हें साखळी होण्यापूर्वीं विषारी असतें. शाळेंत त्यास हात लावावयाचा नाहीं. ज्यांस कुतूहल असेल त्यांनीं महाविद्यालयांत जाईपर्यंत धीर धरावा.)

दुसराहि एक मार्ग आहे. भिंतीवर पॉलिब्रीनसारखा धनभारित लेप द्यावा. मग लायसोझाइमसारखीं धनभारित प्रथिनें तिच्यापासून दूर लोटलीं जातात, व पाण्याचा प्रवाहहि उलट दिशेनें वाहूं लागतो. पण मिश्रणांत ऋणभारित अल्ब्युमिनहि असलें तर? तें येऊन बिलगतें. एकास हांकलावें तर दुसऱ्यास आमंत्रण! नुसत्या काचेवरहि असाच एक सोपा डाव खेळतां येतो: द्रावण पुरेसें अल्कली ठेविलें म्हणजे बहुतेक प्रथिनांवर ऋणभार येतो, भिंतीवरहि ऋणभारच असतो, व दोघें एकमेकांपासून दूर राहतात. मोठ्या रुग्णालयांत हिमोग्लोबिन तपासण्याच्या कांहीं केशनलिका-यंत्रांत हाच डाव आहे. तेथें लेपाची गरज पडत नाहीं. जेथें निरनिराळ्या भारांचीं प्रथिनें एकत्र आहेत, किंवा जेथें पाण्याचा प्रवाह अजिबात नको, तेथें मात्र भाररहित व पाण्याशीं स्नेह करणारा लेपच हवा.

असा पृष्ठभाग प्रथिनास दूर कसा ठेवितो? त्याच्या अंगाला पाण्याचा एक थर इतका घट्ट धरून ठेविलेला असतो कीं प्रथिनास चिकटावयाचें तर प्रथम तें पाणी बाजूस सारावें लागतें, आणि तें काम महाग पडतें. हार्व्हर्ड विद्यापीठांत जॉर्ज व्हाइटसाइड्स ह्यांच्या प्रयोगशाळेनें नानाविध पृष्ठभाग तयार करून कोणास प्रथिनें चिकटत नाहींत ह्याची पाहणी केली व ती २००१ सालीं प्रसिद्ध केली. चांगल्या पृष्ठभागांत चार गुण त्यांस वारंवार आढळले: पाण्याशीं स्नेह, भाराचा अभाव, पाण्याचा हायड्रोजन धरूं शकणारे अणू जवळ असणें, व स्वतःचा हायड्रोजन पुढें करणारे गट नसणें. नियम सुंदर आहे, पण सर्वत्र लागू नाहीं. वर सांगितलेलें पॉलिअॅक्रिलमाइडच चौथ्या अटींत बसत नाहीं, तरी काम उत्तम देतें. रसायनशास्त्रांत असे अपवाद भेटले म्हणजे मला तरी आनंद होतो.

चारी गुण असलेला प्रसिद्ध पदार्थ म्हणजे पॉलिएथिलीन ग्लायकॉल. मलमांत व औषधांतहि तो असतो. त्याच्या साखळ्या भिंतीवर भाताच्या खाचरांतील रोपांसारख्या दाट उभ्या राहाव्या लागतात. विरळ लावणी झाली तर मधल्या मोकळ्या जागेंतून लहान प्रथिनें खालच्या चिखलापर्यंत जातातच. सगळें यश लावणीच्या दाटपणावर आहे. हवेंतील प्राणवायूनें हा पदार्थ काळांतरानें झिजतोहि. म्हणून जपानांत इशिहारा प्रभृतींनीं निराळा धडा गिरविला, आणि तो धडा तुमच्याआमच्या रक्तांतच लिहिलेला आहे. तांबड्या पेशीच्या बाहेरील आवरणांत फॉस्फोरिलकोलिन नांवाचा गट विपुल असतो. त्यांत एक धनभार व एक ऋणभार शेजारीं शेजारीं असल्यानें एकंदर भार शून्य, पण पाणी मात्र घट्ट धरलेलें. रक्तद्रवांतील इतकीं प्रथिनें अहोरात्र अंगावरून जातात, तरी पेशीवर त्यांचा राब बसत नाहीं. हाच गट साखळ्यांत गुंफून केलेले लेप १९९० च्या सुमारापासून पुढें आले, व ते चिपेवरहि वापरले जातात.

आणखी एक अडचण सांगितल्यावांचून गत्यंतर नाहीं. कांचेंत खोबणी कोरणें खर्चाचें काम. १९९८ सालीं हार्व्हर्डच्याच मंडळींनीं सिलिकोन रबर सांच्यावर ओतून चिप करण्याची स्वस्त रीत दाखविली, व ती जगभर पसरली. पण हें रबर प्लास्टिकच्या आमच्या पट्टीसारखेंच पाण्याचा तिटकारा करणारें. विजेनें चेतविलेल्या प्राणवायूंत तें क्षणभर ठेविलें तर त्याचा पृष्ठभाग पाण्याचा स्नेही होतो खरा. परंतु हवेंत ठेविल्यास कांहीं तासांतच आंतील आंखूड साखळ्या वर सरकून येतात आणि मूळ स्वभाव परत उमटतो. सकाळीं तयार केलेली चिप संध्याकाळीं निराळी वागते! म्हणून तेथें लेप ताबडतोब द्यावा लागतो, व तो रबराशीं रासायनिक बंधानें जोडावा लागतो. क्लीव्हलंड येथील केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठांत हिमोग्लोबिन तपासण्यासाठीं जी लहान चिप तयार झाली तींत तर ह्या सर्व भानगडीस बगल देऊन सेल्युलोज अॅसिटेटच्या कागदाची पट्टीच घातली आहे. हाहि एक शहाणपणाचा मार्ग म्हणावा.

आतां त्या विद्यार्थ्याच्या दुसऱ्या प्रश्नाकडे वळतों. लेप शाबूत आहे कीं उतरला, हें बाहेरून दिसत नाहीं. तेव्हां चूक ओळखावयाची कशी? संशोधक प्रथम एखादा भाररहित पदार्थ खोबणींतून पाठवितात. त्यास वीज ओढीत नाहीं. तरीहि तो पुढें सरकला तर पाणी वाहत आहे, अर्थात् लेपांत कोठें तरी उणें आहे. मग तोच नमुना पुन्हां पुन्हां धांवडवितात. पहिल्या खेपेस व पन्नासाव्या खेपेस लागलेला वेळ सारखा असावा, पट्ट्यास शेंपूट नसावें, आणि घातलेलें प्रथिन जवळजवळ सगळें दुसऱ्या टोकास पोंचावें. रुग्णालयांतील रीत ह्याहून साधी आहे व तीच मला अधिक पटली. अनोळखी रक्ताबरोबर ज्याचीं अक्षरें आधींच ठाऊक आहेत असा नमुनाहि यंत्रांत घालतात. भिंतीनें खोडी काढलीच तर ती ओळखीच्या नमुन्यासहि सोडीत नाहीं, आणि तेथें ती पकडली जाते. शंका राहिलीच तर निराळ्या पद्धतीच्या यंत्रावर तपासणी पुन्हां करितात.

हें सर्व मीं त्या विद्यार्थ्यास सांगितलें तेव्हां त्यानें फळ्याकडे न पाहतां एवढेंच विचारलें, "मग बहिणीचें पुन्हां तपासतां येईल?" त्याचे वडील तिला घेऊन जिल्ह्याच्या ठिकाणीं गेले. दुसऱ्या यंत्रावर, ओळखीच्या नमुन्याबरोबर, तिचें रक्त तपासलें गेलें. अक्षरें तींच आलीं. ती आतां डॉक्टरांनीं दिलेलें औषध रोज घेते. पाणी भरपूर पीत जावें असें तिला बजावलेलें आहे, म्हणून पाण्याची मोठी बाटली बरोबर आणते, आणि पांचवीच्या वर्गांत तिला खिडकीजवळचा, सावलीचा बांक दिलेला आहे.